तिकिटांच्या वह्यांना गिऱ्हाईक का मिळत नाही?

छंदापायी जमवलेल्या वस्तू विकायला काढल्या की त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही, ही तक्रार अलीकडे देशोदेशी ऐकू येते. वडिलांनी चाळीस वर्षे जमवलेल्या पोस्टाच्या तिकिटांच्या वह्या मुलगा व्यापाऱ्याकडे घेऊन जातो. सूचीत छापलेल्या किमतींची बेरीज त्याने आधीच करून ठेवलेली असते. व्यापारी वह्या चाळतो, दोन-चार पाने उलटून पुन्हा पाहतो, आणि त्या बेरजेच्या मानाने इतका लहान आकडा सांगतो की मुलगा थक्क होतो. कधी कधी तर व्यापारी आकडाही सांगत नाही; "घरीच असू द्या" एवढेच म्हणतो. मुलाला प्रथम वाटते, हा व्यापारी लबाड आहे. चार दुकाने फिरून तेच उत्तर मिळाले म्हणजे त्याला वाटू लागते की आपले वडीलच जन्मभर फसत राहिले. आमच्या मते या दोन्ही समजुती बहुधा चुकीच्या असतात, आणि दुसरी तर गेलेल्या माणसावर अन्याय करणारी असते. हा अन्याय टाळायचा, तर तिकिटांना किंमत आली कोठून आणि गेली कोठे, हा इतिहास पाहिला पाहिजे.

नाणी, काडेपेट्यांचे छाप, खेळण्यातल्या आगगाड्या यांचीही कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. आम्ही तिकिटांचेच उदाहरण घेतो, कारण या छंदाच्या किमती दीडशेहून अधिक वर्षे छापून प्रसिद्ध होत आल्या आहेत.

चिकटवायचे पहिले टपाल तिकीट इंग्लंडात मे १८४० मध्ये निघाले. त्यापूर्वी पत्राचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई आणि तो अंतरावर ठरे. रोलंड हिल याने १८३७ मध्ये सुचवले की पाठवणाऱ्याने आधीच एक ठराविक, स्वस्त दर भरावा. त्यातून राणी व्हिक्टोरियाच्या मुखवट्याचे काळे एक पेनीचे तिकीट जन्मास आले. ते सुमारे ६ कोटी ८८ लक्ष छापले गेले. म्हणजे जगातले हे सर्वांत प्रसिद्ध तिकीट काही दुर्मिळ नव्हे. पत्र पोचले की तिकिटाचे काम संपले. उरला तो शिक्का मारलेला कागदाचा कपटा. १८४१ साली लंडनच्या 'टाइम्स'मध्ये एका तरुणीने जाहिरात दिली होती. आपल्या खोलीच्या भिंती वापरलेल्या तिकिटांनी मढवायच्या आहेत, सोळा हजार जमली आहेत, आणखी कोणी देईल काय, अशी ती विचारणा होती. पुढे ज्यांसाठी लोक पौंड मोजणार होते, त्या तिकिटांना खळ लावून ती भिंतीला चिकटवायला निघाली होती. आणि त्यात तिचे काही चुकत नव्हते, कारण त्यांना मोल देणारा माणूस अजून पुढे यायचा होता.

तो माणूस प्रथम आला तो शाळकरी मुलाच्या रूपाने. प्लिमथ या बंदराच्या गावी एडवर्ड स्टॅन्ली गिबन्स नावाच्या तरुणाने १८५६ मध्ये आपल्या वडिलांच्या औषधांच्या दुकानातच तिकिटांचा व्यापार सुरू केला. १८६३ मध्ये दोन खलाशी त्याच्याकडे एक थैली घेऊन आले. केप ऑफ गुड होपच्या त्रिकोणी तिकिटांनी ती भरलेली होती. गिबन्सने ती ५ पौंडांस घेतली आणि पुढे त्यावर पुष्कळ कमाई केली. १८६५ मध्ये त्याने आपली पहिली दरपत्रिका छापली. ही बाब वरवर लहान दिसते, परंतु आजच्या प्रश्नाचे मूळ तिच्यात आहे. ती दुकानदाराची विक्रीची यादी होती. "आम्ही हे तिकीट इतक्याला विकतो" एवढेच ती सांगत होती. "तुमचे तिकीट इतक्याला विकले जाईल" असे तिने कधीच म्हटले नव्हते. वाचणाऱ्यांनी मात्र तिचा अर्थ हळूहळू तसा करून घेतला.

त्या काळी एकेका तिकिटामागे किती घेणारे उभे होते पाहा. आगबोटींनी टपाल वाढले, साम्राज्ये पसरली, आणि घरबसल्या भूगोल शिकवणारी वस्तू मुलांच्या हाती फुकट पडू लागली. ब्रिटिश गियानामध्ये १८७३ साली बारा वर्षांच्या एका मुलाला घरच्या जुन्या कागदपत्रांत १८५६ चे किरमिजी रंगाचे एक सेंटचे तिकीट सापडले. दुसरी चांगली तिकिटे घेता यावीत म्हणून त्याने ते सहा शिलिंगांस विकून टाकले. त्याची दुसरी प्रत आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही. राजेरजवाडेही मागे नव्हते. पुढे पंचम जॉर्ज झालेल्या युवराजाने १९०४ मध्ये मॉरिशसचे दोन पेन्सचे एक तिकीट १,४५० पौंडांस घेतले. शाळेतला मुलगा खालच्या पायरीवर, युवराज वरच्या पायरीवर, आणि मधल्या पायऱ्यांवर कारकून, डॉक्टर, वकील व लष्करी अधिकारी, अशी ही रांग होती.

आपल्या देशातही ही रांग लवकरच लागली. बार्टल फ्रिअर सिंध प्रांताचा कमिशनर असताना १८५२ मध्ये तेथे 'सिंद डाक' नावाचे तिकीट निघाले. आशियातील ते पहिले. सबंध हिंदुस्थानासाठी तिकिटे १८५४ मध्ये आली. त्यांतील चार आण्यांच्या काही तिकिटांवर राणीचे मस्तक उलटे छापले गेले, आणि ती चूकच पुढे संग्राहकांना लाखमोलाची ठरली. फिलॅटेलिक सोसायटी ऑफ इंडिया १८९७ साली स्थापन झाली. कचेरीतून आलेले लिफाफे कोमट पाण्यात भिजत घालायचे, तिकीट अलगद सोडवून टीपकागदावर वाळवायचे आणि 'माझ्याकडे दोन आहेत, तू एक घे' म्हणून सवंगड्याशी अदलाबदल करायची, हा सुटीतला उद्योग आपल्यापैकी कित्येकांच्या हातांना अजून आठवत असेल.

मागणी आहे असे दिसताच पुरवठा करणारे जागे झाले. न्यूयॉर्कच्या निकोलस सीबेक याने १८८९ पासून मध्य व दक्षिण अमेरिकेतील काही सरकारांशी करार केले. त्याने तिकिटे फुकट छापून द्यायची. मोबदल्यात वर्ष संपताच उरलेला साठा आणि पुन्हा छापण्याचा हक्क त्याचा. ही तिकिटे पत्रांवर कमी आणि वह्यांत अधिक चिकटली. संग्राहक इतके चिडले की असल्या मतलबी तिकिटांविरुद्ध लंडनमध्ये १८९५ साली एक मंडळच उभे राहिले. ते फार टिकले नाही. सीबेकची युक्ती मात्र टिकली. जे तिकीट पत्रावर न लागता थेट वहीत जाते, त्यावर टपालखात्याला सेवा काहीच द्यावी लागत नाही, हे एकेका सरकारच्या ध्यानात आले.

याचा परिणाम अमेरिकेत अगदी उघड दिसतो. १९३० नंतरच्या काळात तेथील अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः संग्राहक होते आणि छंदाला मोठा बहर आला होता. जुनी तिकिटे महाग झालेली पाहून लोकांनी नव्या तीन सेंटी तिकिटांचे अख्खे ताव विकत घेतले आणि मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून जपून ठेवले. परंतु जुनी तिकिटे महाग झाली होती ती लोकांनी फेकून दिली म्हणून. ही नवी तर कोणीच फेकली नाहीत! आज असे कोरे ताव व्यापारी दर्शनी किमतीहूनही कमी दराने घेतात आणि पुष्कळदा ते पुन्हा साध्या पत्रांवरच चिकटवले जातात. सत्तर-ऐंशी वर्षे जपलेली वस्तू ज्या कामासाठी जन्मली त्याच कामास, आणि तेही सवलतीच्या दराने, लागावी, यातच साऱ्या प्रकरणाचे सार आहे.

पुढे हौशी माणसांच्या रांगेत गुंतवणूकदार शिरले. १९७० नंतरच्या दशकात महागाई वाढली तेव्हा इंग्लंडात लोकांनी पैसा तिकिटांत घातला. भाव चढले, आणि १९८० च्या सुमारास कोसळले. स्पेनमध्ये तर दोन कंपन्या लोकांना तिकिटे विकून ठराविक मुदतीनंतर वाढीव दराने परत घेण्याचे वचन देत होत्या. मे २००६ मध्ये पोलिसांनी त्यांच्यावर छापे घातले, तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक लोकांची बचत अडकलेली निघाली. या लोकांपैकी बहुतेकांना तिकिटांची गोडी नव्हती. अशी माणसे रांगेत आली की रांग लांब दिसते, पण त्यांतला प्रत्येक जण विकण्यासाठीच उभा असतो.

आता आजच्या काळाकडे येऊ. मुलाच्या हाती तिकीट पडे ते दाराशी येणाऱ्या पत्रांतून. ती पत्रेच आटली. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने ३० डिसेंबर २०२५ रोजी पत्रवाटप कायमचे थांबवले आणि १६२४ पासून चालत आलेला शिरस्ता संपला. जी तिकिटे येतात, त्यांतील पुष्कळांचा डिंक पाण्याने सुटतही नाही. रांगेच्या शेवटच्या टोकाला नवी मुले येऊन उभी राहीनाशी झाली, हे पहिले कारण.

दुसरे कारण वयाचे आहे. ज्या पिढीने शाळेत असताना हा छंद धरला, तिने तो चाळीस-पन्नास वर्षे आठवड्याला थोडेथोडे करून पोसला. परंतु त्या पिढीच्या वह्या बाजारात येतात त्या एकदमच. घेणे जन्मभराचे आणि विकणे एका दिवसाचे, असा हा व्यवहार आहे. शिवाय सर्वांनी तेच देश, त्याच मालिका, त्याच वह्या जमवल्या; म्हणून सर्वांच्या घरून निघणारा मालही तोच.

तिसरे कारण नव्या दळणवळणाचे. पूर्वी एखादे तिकीट गावातल्या एकाच दुकानी असे, आणि ते दुर्मिळ वाटे. १९९५ मध्ये ईबे निघाले आणि तसल्या बाजारांचा प्रसार झाला, तेव्हा तेच तिकीट एका वेळी शंभर ठिकाणी विक्रीस असल्याचे घरबसल्या दिसू लागले. टंचाई पुष्कळदा अज्ञानाची होती. माहिती होताच ती सरली.

चौथे कारण सूचीच्या त्या जुन्या गैरसमजाचे. सामान्य तिकिटासमोर छापलेली किमान किंमत ही मुख्यतः दुकानदाराने ते शोधून, पारखून, पाकिटात घालून देण्याची मजुरी असते. अशा हजार तिकिटांची बेरीज करणे म्हणजे हजार मजुऱ्यांची बेरीज करणे होय. वह्या विकणारा ती मजुरी मागतो, जी त्याने केलेली नसते.

येथे कोणी म्हणेल की दुर्मिळ वस्तूंना आजही भाव आहे. खरे आहे. १९४८ च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटांपैकी 'सर्व्हिस' असा शिक्का छापलेली चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये पाच लक्ष पौंडांस गेली. परंतु ज्या तिकिटासाठी सहा शिलिंग घेऊन तो गियानाचा मुलगा खूश झाला होता, त्याचे काय झाले पाहा. २०१४ मध्ये ते सुमारे ९५ लक्ष डॉलरांस विकले गेले, आणि २०२१ मध्ये सुमारे ८३ लक्षांस. जगात जे एकमेव आहे, त्यालाही शेवटी पुढचा घेणारा लागतोच. आणि जुने झाले म्हणून सारेच पडते असेही नाही. ग्रामोफोनच्या मोठ्या तबकड्या संपल्या असे सर्वांनी धरले होते; अमेरिकेत २०२२ मध्ये त्या सीडींपेक्षा अधिक खपल्या. तिथे कानांना गोडी लागलेली नवी तरुण मंडळी येऊन उभी राहिली. म्हणजे प्रश्न वस्तूच्या वयाचा नसून मागून येणाऱ्या माणसांचा आहे.

यावरून आम्ही असे म्हणतो की छंदाच्या वस्तूची किंमत त्या वस्तूत फारशी नसते. ती असते तिची ओळख असणाऱ्या माणसांच्या संख्येत. ही ओळख वारशाने मिळत नाही; ती कोणी तरी शेजारी बसवून करून द्यावी लागते. आपण वह्या मुलांच्या नावे करतो, पण त्या पाहायच्या कशा हे शिकवायचे राहून जाते. आणि मग मुलाच्या हाती जे पडते ते केवळ ओझे.

म्हणून ज्यांच्या घरी असे संग्रह आहेत त्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. संग्राहक हयात असतानाच, कोणते तिकीट कोठून आले, कोणते खरोखर दुर्मिळ आणि कोणते केवळ आवडीचे, हे त्याच्याकडून वहीतच लिहून घ्यावे. आणि तिकीट लावलेला जुना लिफाफा मिळाला तर त्यावरचे तिकीट सोडवू नये. पत्र कोठून कोठे, किती दिवसांत, कोणत्या शिक्क्यांनिशी गेले हे त्या लिफाफ्यावर असते, आणि अभ्यासकाला सुट्या तिकिटापेक्षा ते अधिक हवे असते.

राहिला प्रश्न वडील फसले काय हा. चाळीस वर्षांच्या संध्याकाळी ज्याने भिंगाखाली जग पाहिले, परगावच्या अनोळखी माणसांशी पत्रमैत्री केली आणि नकाशातली नावे तोंडपाठ केली, त्याने दिलेल्या पैशांचा मोबदला त्याच वेळी पुरता वसूल केलेला आहे. नाटकाचे तिकीट नाटक पाहून झाल्यावर कोणी परत विकायला नेत नाही. व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा हा उरलेल्या कागदाचा भाव होय. त्या माणसाच्या आयुष्याचा तो हिशेब नव्हे. मुलाने वह्या खुशाल विकाव्यात किंवा ठेवाव्यात, पण तत्पूर्वी एक सुट्टी खर्चून त्या पानापानाने पाहाव्यात, आणि पाहताना घरातले एखादे मूल शेजारी बसवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.