कॉल ऑफ द व्हॅली
कॉल ऑफ द व्हॅली : संतूर, बासरी व गिटार यांच्या सहवादनाची ध्वनिमुद्रिका. एचएमव्हीने ती १९६७ साली प्रसिद्ध केली. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) आणि ब्रिजभूषण काबरा (गिटार) हे तिघेही तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. तबल्याची साथ माणिकराव पोपटकरांची. निर्माते जी. एन. जोशी हे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक, ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ त्यांच्याच आवाजात घरोघरी पोचली होती.

काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाचा एक दिवस ही या ध्वनिमुद्रिकेची कल्पना. अहिरभैरव व नटभैरवाने पहाट उजाडते. मग पिलू, संध्याकाळी झपतालातला भूप, रात्री दादऱ्यातला देस आणि शेवटी पहाडी. कथासूत्र खरे तर बेताचेच आहे. रागांच्या वेळा ठाऊक असलेल्याला ते लागत नाही आणि ज्याला त्या ठाऊक नाहीत त्याला मात्र ते बोट धरून नेते. तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटेच मिळत, म्हणून मैफलीत तासभर चालणारा राग इथे सहा ते बारा मिनिटांत आटोपतो. विस्ताराला सवकलेल्या कानांना हे त्रोटक वाटेल, पण फापटपसारा कुठेही नाही.

तिन्ही वाद्यांपैकी गिटारचे काम सर्वांत कमी चर्चिले गेले. संतूर मूळचे काश्मीरच्या सूफियाना संगीतातले. त्याच्या तारेवर आघात झाला की स्वर लगेच विरू लागतो, त्यामुळे त्यावर मींड काढणे अवघड. ही उणीव गिटार भरून काढते. सरोदवादक अली अकबर खाँ यांचे शिष्य असलेले काबरा हवाईयन पद्धतीने गिटार आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवीत. पडद्यांचा अडसर उरत नसल्याने एका स्वरातून दुसऱ्यात अखंड जाता येई. चिकारीच्या आणि आधारस्वराच्या तारा जोडून त्यांनी हे वाद्य आलाप-जोडाच्या कामाचे केले. अहिरभैरवाच्या आलापात कोमल ऋषभावरचे त्यांचे रेंगाळणे मुद्दाम ऐकावे.

ही तबकडी परदेशातही गाजली. तिच्या चाहत्यांत बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचे नाव घेतले जाते. पुढे सीडीवर ती काही वाढीव रचनांसह निघाली. शर्मा व चौरसिया यांनी ‘शिव-हरी’ या नावाने ‘सिलसिला’पासून (१९८१) चित्रपटांना संगीत दिले, तर काबरा रागदारी वादनातच राहिले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. आडव्या गिटारवर रागसंगीत वाजवणाऱ्या पुढच्या पिढीतील विश्वमोहन भट्ट यांनी अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासह ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) ही ध्वनिमुद्रिका केली. दोन गिटारींच्या या संवादाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.