तारखांची पट्टी कापल्यावर

जानेवारीचा पहिला पंधरवडा आमच्या दुकानात कात्रीचा. सरल्या वर्षाची कॅलेंडरं गुंडाळून काखेत मारून लोक यायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी वरची पत्र्याची पट्टी पकडीनं सोडवत, खाली उरलेला तारखांचा कपटा उपटत आणि विचारत, ‘नाव ठेवायचं की घालवायचं?’ नाव म्हणजे कॅलेंडर वाटणाऱ्या दुकानाचं किंवा कारखान्याचं. रामाच्या पावलांशी विडीचं नाव, दत्ताच्या कुत्र्यांखाली खताचं. बहुतेक सगळे ‘घालवा’ म्हणत. पण नाव कापून टाकलं तर चित्राला फ्रेमच्या खाचेत बसायला कड उरत नसे आणि लाकूड थेट पावलांवर येई. म्हणून अण्णा ‘बरं’ म्हणत आणि नाव न कापता खाचेत दडवत. पुण्याच्या पेठांतल्या किती देवघरांत रामाच्या पायाखाली अजून ती विडी असेल, देव जाणे.

दुकानात चांगलं-वाईट हे शब्द चित्राला लागत नसत, लाकडाला लागत. साग चांगला, देवदार बरा, गाठीचं लाकूड वाईट.

१९६८ साली मी मुंबईच्या एका कलाविद्यालयात दाखल झालो. रचनाचित्राच्या तासाला यशोदा काढली. गाल गुलाबी, पदराला सोनेरी काठ, कोपरावर उजेडाची रेघ. ही रेघ मला फार छान जमत असे. सर मागे येऊन थांबले, ‘कॅलेंडर झालं’ म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे गेले. वर्ग हसला. यशोदा वाईट होती हे आज मलाही मान्य आहे. पण त्या दिवशी लाज वाटली ती चित्राची नव्हे, दुकानाची. पुढच्याच वर्षी अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, काच कापताना हिरा सरळ चालेना, आणि मी पुण्याला परत आलो तो कायमचा. ‘कॅलेंडर’ ही शिवी कधीपासून झाली, हे शोधायची खोड मात्र बरोबर घेऊन आलो.

शोध घराजवळच सुरू होतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली; पुढे ती वासुकाका जोशांनी चालवली. ‘निबंधमाला’ लिहिणाऱ्या चिपळूणकरांना चित्रांचं काय पडलं होतं, असं वाटेल. पण देशी माणसाच्या भिंतीवर देशी छपाईचं चित्र असावं, हा त्यांच्या लेखी स्वाभिमानाचाच मुद्दा होता. रामपंचायतन, नाना फडणवीस ही चित्रशाळेची चित्रं घरोघर गेली. माझ्या हाताखालून गेलेल्या त्यांच्या प्रतींत माणसं ताठ, समोर बघणारी, फोटोग्राफरनं ‘हलू नका’ म्हटल्यासारखी. त्यांच्याआधी भिंतीवर आणि पोथीत होतं ते पैठणच्या चित्रकथ्यांचं: मोठे डोळे, सपाट रंग, एका बाजूला वळलेले चेहरे. इंग्रजी शिकलेल्या घरांना ते गावंढळ वाटू लागलं होतं. नावडतं चित्र खाली उतरवून त्या खिळ्यावर दुसरं टांगायचं, हा प्रकार रवि वर्म्याच्याही आधीचा आहे.

रवि वर्मा ही व्यक्ती केरळातल्या किळिमानूरची, जन्म १८४८चा. पण त्यांची छापील चित्रं आपल्या घाटाची. तंजावरकडचे मराठी दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या; मागणी एवढी आहे की दोन हात पुरणार नाहीत. पुढे सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यासाठी चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. राजवाड्यात टांगण्यापूर्वी ती लोकांना खुली केली तेव्हा बघायला झुंबड उडाली. देवळाबाहेर देवाचं एवढं मोठं, मांसल, सावली पडणारं रूप बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिलं असणार.

१८९४ साली मुंबईत छापखाना निघाला. भागीदार गोवर्धनदास खटाव मखनजी, यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. दोनच वर्षांनी मुंबईत प्लेग आला. पुढे छापखाना घाट चढून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि धंदा अंगावर येऊ लागल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. म्हणजे आपल्या आजीनं पूजलेल्या लक्ष्मीच्या कित्येक प्रती मळवलीच्या डोंगराखाली एका जर्मनाच्या देखरेखीत छापलेल्या. लोकलनं जाताना मळवली स्टेशन आलं की मी अजून खिडकीकडे सरकतो. दिसत काही नाही.

त्या छपाईबद्दल थोडं सांगतो, कारण चित्रांना नावं ठेवणाऱ्यांनी ती क्वचितच ध्यानात घेतली. लिथोचा दगड हा एक चुनखडी दगड, उत्तम जातीचा बव्हेरियातला. त्यावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट जागी धरते. एका दगडाला एकच रंग. नुसत्या कातडीसाठी फिका गुलाबी, पिवळट, तांबूस असे दगडांवर दगड, आणि प्रत्येकावर ठिपके ठिपके देऊन चढउतार आणायचा. शेवटी वर व्हार्निश आणि कागदाला कॅनव्हाससारखी वीण उठवायची, की झालं तैलचित्र. म्हणूनच त्याचं नाव ओलिओग्राफ. आता हे ठिपके कोण देत होतं? रवि वर्मा नव्हेत. मूळ चित्र समोर ठेवून दुसराच कुणी तो चेहरा दगडावर उतरवत होता. सरस्वतीच्या ओठाचा कोपरा अर्धा केस इकडे गेला की ती रुसलेली दिसते, तिकडे गेला की लाडिक. एक दगड जरा सरकून छापला गेला की पापणीचा रंग गालावर. भिंग लावून बघा, दिसतं. लोकांनी तेच चित्र घरी नेलं आणि टीकाकारांनीही बरेचदा त्याच्याच जोरावर रवि वर्म्याला झोडलं.

झोडपणं सुरू झालं ते कलकत्त्याहून. हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता, कलेवर लिहिणाऱ्या या सगळ्यांचा सूर एक: देव नाटकातल्या नटांसारखे उभे आहेत, ढब विलायती आहे, भारतीय मन यात नाही. निवेदितांनी तर शकुंतलेच्या पत्रलेखनावर बोट ठेवलं. अंगानं भरलेली एक तरुणी जमिनीवर पसरून कमळाच्या पानावर पत्र लिहिते आहे आणि असलं चित्र घराघरांत आहे, हे त्यांना सहन होईना. मला यातलं ‘घराघरांत’ खटकतं. तेच चित्र एका महाराजाच्या दिवाणखान्यात एकटं असतं तर इतका राग आला असता का? कारण गंमत पुढे आहे. अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ साली भगव्या वस्त्रातली चतुर्भुज भारतमाता रंगवली तेव्हा याच निवेदितांना वाटलं की ती हजारोंनी छापून केदारनाथपासून कन्याकुमारीपर्यंत झोपडीझोपडीत पोचवावी. म्हणजे छापून भिंतीवर लावण्याला हरकत नव्हतीच.

या वादाचा पत्ता आमच्या बायकांना नव्हता. त्या दुसरंच काही करत होत्या. माझ्या आत्याकडे कमळात उभी लक्ष्मी होती. तिच्या लुगड्यावर खरा जरीचा तुकडा खळीनं चिकटवलेला, गळ्यात बारीक मोत्यांची माळ ओवून शिवलेली, मुकुटावर टिकल्या. अशी सजवलेली ओलिओग्राफं दुकानात पुष्कळ आली. दुपारी निजानीज झाल्यावर एखादी सून दगडावर छापलेल्या देवीला लुगडं नेसवत बसलेली असायची. ते चित्र चांगलं की वाईट हे ठरवायला कुठून सुरुवात करणार? जर्मन दगडापासून, मल्याळी हातापासून, की कात्रीनं कापलेल्या पैठणीच्या पदरापासून? एकदा वाळवी लागली म्हणून मी तसली एक जर सोडवली. खालचा रंग ताजा कोरा निघाला, आणि देवी एकदम उघडी पडल्यासारखी वाटली. मी जर परत चिकटवली. गिऱ्हाइकाला सांगितलं नाही.

मराठी चित्रकारांना हा बाजार अस्पृश्य नव्हता. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एकेचाळीस वर्षं काढून ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र लिहून गेले. त्यांनी छापखान्यांसाठी देवादिकांची चित्रंही भरपूर केली. आणि त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज फाळके रवि वर्म्यांच्या लोणावळ्याकडच्या छापखान्यात काम करून मग स्वतःच्या छपाईच्या धंद्यात पडले, यंत्रं आणायला जर्मनीला गेले, आणि १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. पडद्यावर हलणाऱ्या त्या पहिल्या देवांचे मुकुट, दागिने, उभं राहणं आधी दगडावर ठरलेलं होतं, असं मला त्या चित्रपटाचा उरलेला भाग पाहताना वाटत राहतं.

अवनींद्रनाथांच्या कलकत्त्याच्या धुक्यातल्या, लांब बोटांच्या, मिटत्या पापण्यांच्या शैलीची खाली उतरायची पाळीही आलीच. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप जमला: सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे. त्यांनी जे. जे.ची घोटीव रंगसंगती आणि बंगालची हळवी जलरंगी शैली एकाच सपाट्यात बाजूला सारली. सूझा गोव्यातल्या बार्देशच्या साळगावचे. कॅलेंडरांचे सम्राट रघुवीर मुळगावकर त्याच बार्देशातल्या अस्नोड्याचे. वयातही पाचसहा वर्षांचंच अंतर. एकानं देह आणि चेहरे काळ्या रेघांनी फाडून काढले, दुसऱ्यानं निळ्या कृष्णाच्या गालावर स्प्रेगननं असं लोणी फिरवलं की बोट लावावंसं वाटावं. साळगाव लंडनला गेलं, अस्नोडं आमच्या दुकानात आलं. आणि मला ‘कॅलेंडर झालं’ म्हणणाऱ्या सरांच्या पिढीचे लाडके हुसेन पोटासाठी सिनेमाची होर्डिंगं रंगवत वर आले होते, हे मला फार उशिरा कळलं. वेळेवर कळतं तरी सरांना सांगायची छाती नव्हती.

मुळगावकर आणि ‘दीपावली’ अंकाचे दीनानाथ दलाल, दोघांची तुलना आमच्या दुकानात दिवाळीनंतर रंगत असे. अण्णा मुळगावकरांचे, मी दलालांचा. दलालांची रेघ श्वास घेते. मुळगावकरांच्या बाईच्या अंगावर एक सुरकुती सापडणार नाही, आणि इतकं निर्दोष मला बघवत नाही. हे माझं मत आजही तसंच आहे. अण्णा म्हणत, ‘दलालांचं घरात बघायला, मुळगावकरांचं हात जोडायला. तू दोन्ही एका मापानं मोजतोस.’ त्यांच्याकडे मापाची पट्टी होती, म्हणून त्यांना हे सुचत असावं.

खरोखर वाईट काय, हे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण ते रोज हाताळलंय. नकलेची नक्कल. लिथोचे दगड गेले, ऑफसेट आलं, शिवकाशीहून गठ्ठेच्या गठ्ठे येऊ लागले. जुन्या प्रतीचा फोटो, त्या फोटोवर ब्रश, त्याचा पुन्हा फोटो. लक्ष्मीमागच्या हत्तीची सोंड आधी आखडली, मग तो हत्ती डुकरासारखा दिसू लागला. हाताची बोटं चार झाली. निळा तेवढा उरला आणि कातडी काकडीच्या रंगाची. यात ना रवि वर्म्याची हौस, ना दगडावर ठिपके देणाऱ्याचा जीव, ना मुळगावकरांचं कसब. असलं चित्र आलं की मी काच जरा जास्त पुसत असे, त्यात काही फरक पडणार नाही हे माहीत असूनही.

१९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत गेला. दुसऱ्याच वर्षी जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं, आणि मराठी स्वयंपाकघरातला खिळा तारखा, तिथी, उपासाचे पदार्थ यांनी व्यापला. मागच्या बाजूला वाचायला मजकूर. चित्राची गरजच संपली. माणूस हुशार, पण त्यांनी आमचा जानेवारी बुडवला. कालनिर्णय कुणी फ्रेम करत नाही.

१९७९ साली सरकारनं रवि वर्म्यांची चित्रं राष्ट्रीय ठेवा ठरवली. मूळ चित्रं आता देशाबाहेर नेता येत नाहीत. त्याची ऊब हळूहळू ओलिओग्राफांपर्यंतही पोचली. ज्या तसबिरी फ्रेम मोडून लाकूड विकण्यासाठी आमच्याकडे टाकल्या जात, त्यांच्या शोधात माणसं येऊ लागली.

गेल्या महिन्यात एक तरुण जोडपं आलं. जुन्या बाजारातून लक्ष्मी आणलेली, कागद चहाच्या रंगाचा, पायाशी कुंकवाचा डाग, पदराला जरीचा उरलेला धागा. मी सवयीनं मऊ फडकं उचललं. मुलगी घाईनं म्हणाली, ‘काका, डाग राहू दे हं. आणि धागासुद्धा.’ मुलानं मोबाइलवर वाचून आम्लविरहित माउंट हवा, काच चकाकणारी नको, असं सांगितलं. मी माप घ्यायला चित्र सपाट केलं. खाली कडेला छापखान्याचं नाव होतं, बारीक इंग्रजी अक्षरांत. मी पट्टी त्याच्या वरच्या रेघेवर लावली.

‘नाव दिसलंच पाहिजे,’ दोघंही एकदम म्हणाली.

मी खालच्या बाजूला पाऊण इंच वाढवून माप पुन्हा लिहिलं.