दमदमची गोळी

दमदम म्हटलं की आज कोलकात्याचा विमानतळ आणि मेट्रोची गर्दी डोळ्यांपुढे येते. जुने मराठी कागद वाचणाऱ्याला मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने ओळखीचा वाटेल. दमदमा म्हणजे तोफा चढवण्यासाठी उभारलेला मातीचा उंचवटा. गावाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. पूर्वेकडच्या पोस्टिंगमध्ये या रस्त्याने खूप येणं-जाणं झालं आणि दर वेळी वाटायचं, काडतुसांच्या इतिहासात या एका छावणीने दोनदा खळबळ उडवली आहे, तीही चाळीस वर्षांच्या अंतराने.

पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला नव्या एनफिल्ड रायफलचं शिक्षण चालू होतं. एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितलं, शिपायाने जातीवर बोट ठेवून नकार दिला. खलाशी म्हणाला, थोड्या दिवसांत गाई-डुकराच्या चरबीची काडतुसं दातांनी तोडाल, मग कुठे राहील जात? कॅप्टन राइटने २२ जानेवारीला ही कुणकुण वरिष्ठांना कळवली. पुढचं बराकपूर आणि मेरठ शाळेत शिकलोच आहोत.

दुसरी गोष्ट गोळीचीच आहे, म्हणजे पुंगळी, दारू आणि टोपी सोडून उरतो त्या तुकड्याची. १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची, मऊ शिशाची. वेग बेताचा, पण लागली की माणूस पडायचा. मग धूर न करणारी दारू आली आणि वेग एकदम वाढला. त्या वेगात नुसतं शिसं नळीतल्या आट्यांना धरून राहत नाही, सोलवटून निघतं. स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिनने १८८२ च्या सुमारास शिशावर तांब्याचं कवच चढवून हा प्रश्न सोडवला होता. ब्रिटिशांच्या १८८८ च्या ली-मेटफर्डची .३०३ गोळीही कवचाचीच होती: १४ ग्रॅम, सेकंदाला ६०० मीटर, गोल टोक.

लांबवर, सरळ मारा. कागदावर सगळं उत्तम. पण १८९५ च्या चित्रळ मोहिमेतून तक्रारी आल्या, की गोळी आरपार जाते आणि धावून येणारा पठाण धावतच राहतो. कडक कवचामुळे गोळी आकार बदलत नव्हती, त्यामुळे शरीरात ताकद न खर्चता निघून जात होती.

दमदम आर्सेनलचे कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी काढलेला उपाय साधा होता. टोकावरचं कवच जरासं, जेमतेम मिलिमीटरभर, काढून शिसं उघडं ठेवायचं. आदळल्यावर मऊ टोक फुलतं, गोळी चपटी होते आणि जखम कित्येक पट मोठी होते. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ही गोळी आफ्रिदींविरुद्ध वापरली गेली आणि 'दमदम' हे नाव जगाच्या कोशांत गेलं.

त्या मोहिमेत आपले शिपाईही होते, पण त्यांच्या हातात अजून जुनी मार्टिनी-हेन्रीच. ली-मेटफर्ड आणि दमदमची गोळी मिळाली ती गोऱ्या पलटणींना. १८५७ नंतर हिंदी शिपायाला एक पिढी जुनं हत्यार द्यायचं हे धोरणच होतं. आर्सेनल बंगालमध्ये, आणि त्यातलं नवं काडतूस बंगालच्या पलटणीला नाही!

विलायतेत वुलविचला याच कल्पनेची दुसरी आवृत्ती निघाली: टोकाला भोक असलेली मार्क ४. २ सप्टेंबर १८९८ ला सुदानमध्ये ओमदुरमानला ती वापरली गेली. त्याआधी अत्बाराच्या लढाईसाठी जनरल गॅटेकरने आपल्या ब्रिगेडकडून साध्या गोळ्यांची टोकं कानशीने घासून घेतली होती. हा गॅटेकर म्हणजे १८९७ मध्ये मुंबईच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष होता तोच.

१८९९ मध्ये हेगला शांतता परिषद भरली. ट्यूबिंगेनच्या ब्रुन्स या शल्यचिकित्सकाचे भयंकर जखमा दाखवणारे प्रयोग तेव्हा गाजत होते. ते शिकारीच्या मऊ टोकाच्या गोळ्यांवर केले होते, दमदमच्या गोळीवर नव्हे, ही ब्रिटिशांची हरकत रास्तच होती. पण त्यांचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी दुसरा मुद्दाही मांडला: सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे सरतो, रानटी माणूस सरत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. मला हा मुद्दा युद्धशास्त्राचा वाटत नाही. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले, तरी २९ जुलैला जाहीरनामा झाला. शरीरात सहज फुलणारी किंवा चपटी होणारी गोळी वापरायची नाही. ब्रिटनने त्याला मान्यता दिली १९०७ मध्ये.

अक्षर पाळलं गेलं. १९१० ची .३०३ मार्क ७ गोळी टोकदार होती आणि कवच टोकावर पूर्ण बंद. मात्र आत पुढच्या भागात शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम भरलेलं. वजन मागे सरकल्यामुळे गोळी शरीरात शिरली की कोलांटी खायची. न फुलता, न चपटी होता मोठी जखम. कारागिरी म्हणून दाद द्यावी लागते.

आज आपल्या सगळ्या रायफलींना पूर्ण कवचाचीच गोळी असते, आणि इथे कायदा आणि यंत्र एका बाजूला आहेत. अर्ध-स्वयंचलित रायफल काडतूस मॅगझिनमधून जोरात उचलून चेंबरमध्ये ढकलते. उघडं शिसं त्या धक्क्यात चेपतं, अडकतं. परदेशातले हौशी नेमबाज घरी काडतुसं भरतात, तेव्हा अशा रायफलीसाठी गोळी निवडताना त्यांनाही टोकाच्या आकाराचा विचार आधी करावा लागतो. आमची निवड वरच झालेली असते. एसएलआरची ७.६२ जाऊन इन्सासची ५.५६ आली, तेव्हा मेसमध्ये 'माणूस पडतो की नाही' हा चित्रळचाच वाद रंगायचा. २०१९ मध्ये ७.६२ च्या सिग रायफलींचा करार झाला आणि तो पुन्हा रंगला.

युद्धाच्या कायद्याच्या वर्गात मी दमदमचा किस्सा नेहमी सांगतो. जवान कान देऊन ऐकतात, कारण गोळी त्यांच्या ओळखीची असते. एकदा साताऱ्याकडच्या एका नाईकाने हात वर केला. "साहेब, हेगला सही करायला कोण कोण होतं?"

युरोपातले होते. इराण, सयाम, चीन, जपानसुद्धा होते. जाहीरनामा फक्त सही करणाऱ्यांच्या आपसातल्या युद्धांपुरताच होता, हेही मी सांगितलं.

"मग आफ्रिदी?"

"त्यांना बोलावलंच नव्हतं."