अंगठ्याची निळी टिक

गाव सोडून नव्या शहरात उतरलो की आपण आधी 'पोचलो' असा मेसेज टाकतो. दोन निळ्या टिका दिसल्या की जीव भांड्यात पडतो. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसांकडेही अशी एक टिक होती. फक्त ती यायला बरेच दिवस लागायचे.

भारतात १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि १८८० साली पोस्टाची मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या फॉर्मला निरोपापुरती एक चिठ्ठी जोडलेली असे. लिहिता न येणारा कामगार ती दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, गावात पोस्टमन ती वाचून दाखवायचा. नवरा-बायकोच्या बोलण्यात दोन परके कायम हजर! मग 'खुशाल आहे' यापलीकडे काय लिहिणार?

फॉर्मचा आणखी एक तुकडा मात्र मुंबईला परत यायचा. ती पोच. तिच्यावर पैसे घेणारीची सही, नाहीतर अंगठा. शाईचा तो ठसा म्हणजे ती आहे, आणि पैसे तिलाच मिळाले.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. कित्येक जण गावी परतले. जे मुंबईत थांबले त्यांच्याकडे मनीऑर्डरला पैसे नव्हते, म्हणून चिठ्ठी नाही आणि पोचही नाही. पोस्टकार्ड परवडलं असतं. पण रिकाम्या हाताने लिहायचं काय?

आज मेसेज जवळपास फुकट आहे. तरी नोकरी गेली की घरचा फोन उचलताना आपलाही हात थबकतोच ना?