पन्नास मोटारींचा नियम

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ला हार्प नावाचे एक लहानसे गाव आहे. १९६८ सालच्या अखेरच्या दिवशी तेथील शेवरोले मोटारींचे विक्रेते फ्रेड गिब यांच्याकडे दोन कॅमेरो मोटारी येऊन दाखल झाल्या. बाह्यरूपात त्यांचे वेगळेपण फारसे जाणवत नव्हते. बॉनेटखाली मात्र संपूर्ण ॲल्युमिनियमचे, ४२७ घनइंच म्हणजे सात लिटर क्षमतेचे इंजिन होते. ‘झेडएल-१’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या अशा तब्बल पन्नास मोटारींची मागणी गिब यांनी नोंदविली होती. एवढ्याशा गावात पन्नास शर्यती मोटारी खपणे अवघडच होते. परंतु पन्नास हा आकडा गावच्या बाजारपेठेवरून ठरलेला नव्हता, तो शर्यतीच्या नियमपुस्तकातून आलेला होता.

मध्यम किंवा लहान आकाराच्या सर्वसाधारण मोटारीत भलेमोठे इंजिन बसवून तयार झालेल्या अमेरिकन वाहनांना ‘मसल कार’ म्हटले जाते. १९६० च्या दशकात अशा मोटारी लाखोंनी विकल्या गेल्या. त्यांतील काही मोजक्या मोटारी मात्र ग्राहकासाठी नव्हे, तर ड्रॅग रेसिंगमधील ‘स्टॉक’ आणि ‘सुपर स्टॉक’ गटांत पात्र ठरण्यासाठी बनविल्या गेल्या. आज संग्राहकांच्या दृष्टीने सर्वाधिक मोलाच्या ठरलेल्या मोटारी प्रामुख्याने याच आहेत. त्या दुर्मिळ का झाल्या, हे समजून घ्यायचे तर पात्रतेचे नियम आधी पाहावे लागतात.

पाव मैलाची स्पर्धा

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ पट्टीवर, उभ्या स्थितीतून सुरू होणारी दोन वाहनांची शर्यत. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर. रस्त्यांवर चालणाऱ्या बेकायदा शर्यतींतील तरुणांना सुरक्षित मैदान मिळावे, या हेतूने वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजेच एनएचआरए, ही संस्था स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथील धावपट्टीवर झाली. १९६१ पासून ही स्पर्धा इंडियानापोलिसजवळ भरते. शर्यत सुरू करणारा दिव्यांचा खांब, ज्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, १९६३ मध्ये वापरात आला.

‘स्टॉक’ याचा अर्थ कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी मोटार. मोटार कंपन्यांना याच गटाचे आकर्षण अधिक होते. रविवारी शर्यत जिंकणारी मोटार आणि सोमवारी दुकानात दिसणारी मोटार एकच असेल, तर विक्री वाढते, हे त्यांचे साधे गणित होते.

गट कसा ठरतो?

कुस्तीत मल्लाचा गट त्याच्या वजनावरून ठरतो. येथे मोटारीचे वजन आणि इंजिनाची अश्वशक्ती यांच्या गुणोत्तरावरून गट ठरतो. समजा, मोटारीचे वजन ३,३०० पाउंड आहे आणि अश्वशक्ती ३३० आहे. तर प्रत्येक अश्वशक्तीमागे दहा पाउंड वजन येते. अश्वशक्ती ३६० धरली तर हेच प्रमाण ९.१७ पाउंडांवर उतरते आणि मोटारीला अधिक वेगवान गटात जावे लागते. गटांना इंग्रजी मुळाक्षरांची नावे असून, स्वयंचलित गिअर असलेल्या मोटारींचे गट वेगळे असतात.

ही अश्वशक्ती सुरुवातीला कंपनीने जाहीर केलेली असे आणि येथेच पळवाट होती. इंजिनाची ताकद कागदावर कमी दाखविली की मोटार दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या गटात बसत असे. त्यामुळे एनएचआरएने प्रत्यक्ष कामगिरी पाहून आकडा स्वतः ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. संस्थेच्या वर्गीकरण पुस्तिकेत प्रत्येक मान्यताप्राप्त मोटारीचे वर्ष, इंजिन, वजन आणि संस्थेने निश्चित केलेली अश्वशक्ती नोंदविलेली असते. एखादी मोटार आपल्या गटाच्या ठरावीक वेळेपेक्षा फारच लवकर धावू लागली, तर तिची अश्वशक्ती वाढवून धरली जाते. पुस्तिकेत नसलेली मोटार, ती कितीही वेगवान असली तरी, या गटात धावू शकत नाही.

किमान संख्येची अट

वर्गीकरणाबरोबर दुसरी महत्त्वाची अट होती ती उत्पादनाच्या किमान संख्येची. कंपनीने एकदोन खास मोटारी हाताने घडवून त्यांना ‘स्टॉक’ म्हणू नये, यासाठी ही अट होती. या लेखातील मोटारींच्या बाबतीत वारंवार भेटणारी संख्या आहे पन्नास.

अट पूर्ण न झाल्यास काय होते, याचे उदाहरण म्हणजे १९६३ ची पॉन्टियाक कॅटलिना. वजन घटविण्यासाठी तिच्या सांगाड्याला मोठमोठी भोके पाडण्यात आली होती, म्हणून तिला ‘स्विस चीज’ असे गमतीदार नाव पडले. अशा सुमारे चौदाच मोटारी बनल्या आणि त्यांना ‘फॅक्टरी एक्सपेरिमेंटल’ या प्रायोगिक गटात धावावे लागले. त्याच वर्षी शेवरोलेने इम्पालाची ‘झेड-११’ ही आवृत्ती काढली. ४२७ घनइंचांचे इंजिन आणि ॲल्युमिनियमचा पुढील भाग असलेल्या या मोटारींची संख्या ५७ सांगितली जाते. जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सने शर्यतींतून अंग काढून घेण्याचा आदेश काढला आणि दोन्ही प्रकल्प थांबले.

थंडरबोल्ट आणि हेमी

१९६४ मध्ये फोर्डने मध्यम आकाराच्या फेअरलेन मोटारीत ४२७ घनइंचांचे इंजिन बसवून ‘थंडरबोल्ट’ घडविली. आतील दोन दिवे काढून तेथे जाळी लावण्यात आली आणि त्या वाटेने कार्बुरेटरला थंड हवा पुरविली गेली. बॅटरी मागील डिकीत गेली, जेणेकरून मागच्या चाकांवर भार यावा. अशा सुमारे शंभर मोटारी बनल्या आणि सुपर स्टॉकची अट पूर्ण झाली.

क्रायस्लर कंपनीचे उत्तर होते ४२६ घनइंचांचे ‘हेमी’ इंजिन. हेमी म्हणजे अर्धगोलाकार दहनकक्ष. १९६५ मध्ये सुपर स्टॉक गटात ॲल्युमिनियम आणि फायबरग्लासच्या भागांना मनाई झाली, तेव्हा क्रायस्लरने पोलादच अधिक पातळ वापरून नियमाचे शब्द पाळले. ‘ए-९९०’ या सांकेतिक नावाने डॉज आणि प्लिमथ मिळून अशा सुमारे दोनशे मोटारी तयार झाल्या.

१९६८ ची हेमी डार्ट आणि हेमी बॅराकुडा ही या प्रयत्नांची परिसीमा म्हणावी लागेल. हर्स्ट या कंपनीच्या साहाय्याने सुमारे ८० डार्ट आणि ७० बॅराकुडा जुळविण्यात आल्या. मागचे आसन काढून टाकले होते, पुढील आसने व्हॅनमधील हलकी होती आणि दाराच्या काचा फिरविण्याच्या दांड्याऐवजी पट्ट्याने ओढून वर घ्याव्या लागत. मोटार सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी नाही, अशी सूचना तिच्यावरच चिकटविलेली असे आणि कसलीही हमी नसे. या मोटारी इतक्या प्रबळ ठरल्या की, पुढे एनएचआरएने त्यांच्यासाठी सुपर स्टॉकमध्ये स्वतंत्र गटच केला.

कागदावर ३३५ अश्वशक्ती

पात्रतेचे नियम सर्वाधिक चतुराईने वापरले ते फोर्डने. ऱ्होड आयलंडमधील विक्रेते बॉब टॅस्का यांच्या कार्यशाळेत एका मस्टँगचे ३९० घनइंचांचे इंजिन निकामी झाले. तेथील कारागिरांनी पोलिसांच्या मोटारींत वापरले जाणारे ४२८ घनइंचांचे इंजिन आणि मोठे हेड वापरून नवे इंजिन जुळविले. त्या मोटारीचा बोलबाला झाला आणि फोर्डने त्याच कल्पनेवर ‘कोब्रा जेट’ हे इंजिन बाजारात आणण्याचे ठरविले.

डिसेंबर १९६७ मध्ये पांढऱ्या रंगाच्या पन्नास मस्टँग प्रथम तयार करण्यात आल्या. कंपनीने जाहीर केलेली अश्वशक्ती होती अवघी ३३५. प्रत्यक्षात ती चारशेच्या पुढे असल्याचे मानले जाते. फेब्रुवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील पोमोना येथील विंटरनॅशनल्स स्पर्धेत या मोटारी उतरल्या आणि अल जोनिएक यांनी सुपर स्टॉकचे विजेतेपद पटकावले. सर्वसामान्य ग्राहकाला हे इंजिन मिळू लागले ते त्यानंतर, १९६८ च्या वसंत ऋतूत.

गिब यांचे धाडस

फ्रेड गिब यांना या नियमांची उत्तम जाण होती. १९६८ मध्येच त्यांनी स्वयंचलित गिअर बसविलेल्या, ३९६ घनइंच इंजिनाच्या पन्नास नोव्हा मोटारी मागवून त्या जोडणीला स्टॉक गटात मान्यता मिळवून दिली होती. झेडएल-१ कॅमेरोमागे शेवरोलेचे अधिकारी व्हिन्स पिगिन्स यांची प्रेरणा होती. त्या काळी जनरल मोटर्समध्ये लहान आणि मध्यम मोटारींत ४०० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसविण्यास बंदी होती. त्यावर मार्ग निघाला तो ‘सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर’, अर्थात ‘कोपो’ या पद्धतीतून. मुळात ही सोय टॅक्सी किंवा मालवाहतुकीच्या ताफ्यांच्या विशेष मागण्यांसाठी होती. कोपो क्रमांक ९५६० अन्वये झेडएल-१ इंजिन कॅमेरोत आले.

मात्र किंमत समोर आली तेव्हा गिब यांना धक्काच बसला. केवळ इंजिनाचा आकार ४,१६० डॉलर होता आणि पूर्ण मोटार सात हजार डॉलरच्या पुढे गेली. साध्या आठ सिलिंडरच्या कॅमेरोची किंमत तेव्हा तीन हजारांच्या आतच होती. इतक्या महाग मोटारी ला हार्पमध्ये खपणार नव्हत्या. अखेरीस ३७ मोटारी कंपनीने परत घेऊन देशभरातील अन्य विक्रेत्यांकडे पाठविल्या. इतर विक्रेत्यांनी मागविलेल्या १९ मोटारी धरून एकूण उत्पादन ६९ वर थांबले. कंपनीने जाहीर केलेली अश्वशक्ती ४३० होती. खरी ताकद पाचशेहून अधिक मानली जाते. मोटार सुपर स्टॉकला पात्र ठरली, पण तिची किंमत चुकती करताना एका छोट्या व्यावसायिकाची कसोटी लागली.

तपासणी आणि अस्सलता

आजच्या स्टॉक गटातही ‘जशीच्या तशी’ हा शब्द काटेकोरपणे घेता येत नाही. रुंद गुळगुळीत टायर आणि निष्कासनाच्या खास नळ्यांना परवानगी आहे. परंतु कार्बुरेटर, इनटेक मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड त्या मोटारीसाठी मान्य असलेलेच हवेत आणि झडपेची उघडण्याची उंची मूळ मापाइतकीच राहिली पाहिजे. सुपर स्टॉकमध्ये त्याहून अधिक मोकळीक असते. विजेत्या मोटारीचे इंजिन उघडून दहनकक्षाचे घनफळ आणि झडपांचा व्यास मोजला जातो. माप चुकले की विजेतेपद गेले.

येथे एक फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे. शर्यतीचा निरीक्षक मोटारीची वंशावळ पाहत नाही. त्याला पुस्तिकेशी जुळणारे भाग आणि वजन पाहायचे असते. म्हणून साध्या सांगाड्यावर योग्य भाग जुळवून उभारलेली प्रतिकृतीही स्पर्धेत उतरू शकते. संग्राहकाचे गणित उलट आहे. त्याला मूळ बिल, कारखान्याची नोंद आणि इंजिनावरील क्रमांक हवे असतात. फोर्डच्या १९६७ नंतरच्या मोटारींच्या उत्पादन नोंदी ‘मार्टी रिपोर्ट’च्या रूपाने मिळू शकतात. शेवरोलेच्या बाबतीत विक्रेत्याची कागदपत्रे आणि हमीपत्राबरोबर मिळणारी छोटी धातूची पट्टी यांवर भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे खरेदीदाराने केवळ बॉनेटखालील इंजिन पाहून व्यवहार करणे धोक्याचे ठरते.

परंपरा पुढे

विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांनी मसल कारचे पहिले युग संपविले. तीन दशकांहून अधिक काळानंतर कंपन्या पुन्हा या पट्टीकडे वळल्या. फोर्डने २००८ मध्ये कोब्रा जेटच्या चाळिशीनिमित्त नेमक्या पन्नास मस्टँग बनविल्या. त्यांपैकी एकीने जॉन कॅल्व्हर्ट यांच्या हाती २००९ च्या विंटरनॅशनल्समध्ये स्टॉक गट जिंकला. डॉजने चॅलेंजरची ‘ड्रॅग पॅक’ आवृत्ती काढली. शेवरोलेने २०१२ मध्ये कोपो कॅमेरोच्या ६९ मोटारी काढल्या; गिब यांच्या काळातील एकूण संख्येला ती मानवंदना होती. या सर्व मोटारी रस्त्यावर चालविण्यास मान्यता नसलेल्या, केवळ स्पर्धेसाठीच्या होत्या.

निव्वळ वेग आणि पात्रता या दोन भिन्न गोष्टी असल्याचे डॉजच्या २०१८ च्या ‘डीमन’ मोटारीने दाखवून दिले. रस्त्यावर चालणाऱ्या या मोटारीने पाव मैल ९.६५ सेकंदांत कापल्याचे एनएचआरएने प्रमाणित केले. मात्र दहा सेकंदांपेक्षा कमी वेळासाठी तेव्हा संरक्षक पिंजरा अनिवार्य होता आणि तो मोटारीत नव्हता. त्यामुळे कारखान्यातून आलेल्या स्थितीत तिला संस्थेच्या स्पर्धेत पूर्ण वेगाने धावता येत नव्हते. कंपनीने या ‘बंदी’ची जाहिरात करून घेतली, हा भाग वेगळा.

२०२३ च्या अखेरीस कॅमेरोचे उत्पादन थांबले. तरीही पुस्तिकेतील नोंद कायम असेपर्यंत जुनी मोटार पट्टीवर येऊ शकते, हे या गटाचे वैशिष्ट्य आहे. ला हार्पमधून माघारी गेलेल्या त्या ३७ मोटारी एकेकाळी विक्रेत्यांना ओझे वाटत होत्या. आज त्यांपैकी एखादी लिलावात आली, तर जगभरचे संग्राहक जमतात. दुर्मिळतेचे मूळ मात्र नियमपुस्तकातील एका ओळीत होते, आणि त्या ओळीची पूर्तता करण्यासाठी एका छोट्या गावातील विक्रेत्याने आपला धंदा पणाला लावला होता.