स्त्रीशिक्षण आणि संततिनियमनाचें ज्ञान

महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहितांना विद्यापीठाची स्थापना, देणग्या व पदवीधरांची संख्या यांचा उल्लेख होतो. परंतु विद्यार्थिनीस स्वतःच्या शरीराचें ज्ञान कोठून मिळालें, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचाच थोडा विचार कर्तव्य आहे.

हा विषय आपल्या प्राचीन वाङ्मयास अपरिचित नव्हता. वात्स्यायनानें कामसूत्राच्या विद्यासमुद्देश प्रकरणांत स्त्रियांनींही या शास्त्राचें अध्ययन करावें असें सांगितलें असून, स्त्रियांस शास्त्राचें ग्रहण होत नाहीं हा आचार्यांचा आक्षेप खोडून काढिला आहे. मात्र विवाहितेस पतीची संमति हवी, अशी अट तेथें आहे. बृहदारण्यकोपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत गर्भ राहूं नये म्हणून एक विधि येतो. तेथेंही इच्छा पुरुषाचीच. तात्पर्य, विषयाचें ज्ञान होतें, निर्णयाचा अधिकार स्त्रीकडे नव्हता.

तो अधिकार स्त्रीचा आहे असें महाराष्ट्रांत निक्षून सांगणारे गृहस्थ म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३). त्यांचे वडील महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापन केलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत मार्गारेट सँगर यांनीं ब्रुकलिन येथें काढिलेलें संततिनियमन केंद्र पोलिसांनीं थोडक्याच दिवसांत बंद पाडिलें. १९२१ मध्यें रघुनाथरावांनीं मुंबईस असें केंद्र उघडिलें. लंडन येथील मेरी स्टोप्स यांचें केंद्रही याच वर्षींचें. या कार्यांत पत्नी मालतीबाई यांची त्यांस पूर्ण साथ होती.

रघुनाथराव विल्सन महाविद्यालयांत गणित शिकवीत. त्यांचा प्रचार तेथें खपेना, तेव्हां १९२५ मध्यें त्यांनीं ती जागा सोडिली. म्हणजे वडिलांनीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ उभारिलें, आणि मुलाला या ज्ञानापायीं महाविद्यालयाबाहेर पडावें लागलें. जुलै १९२७ पासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढिलें व अखेरपर्यंत चालविलें. १९३४ मध्यें त्यांजवर अश्लीलतेचा खटला झाला, तो वाचकांच्या शंकांस दिलेल्या उत्तरांबद्दल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यांचें वकीलपत्र घेतलें. लैंगिक विषयावरील प्रत्येक लिखाण अश्लील ठरत नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयानें तो मानिला नाहीं व दंड केला. १९३८ मध्यें संततिनियमनाच्या प्रसाराचा बाबासाहेबांचा प्रस्ताव मुंबई विधानसभेपुढें आला, तोही फेटाळला गेला. त्याच वर्षीं केंब्रिजच्या पदवीधर शकुंतला परांजपे यांनीं पुण्यांत हें कार्य हातीं घेतलें. उच्चशिक्षित स्त्रीनें तें ज्ञान इतर स्त्रियांच्या हातीं द्यावें, हा संबंध तेथें प्रथम स्पष्ट दिसतो.

पुढें कायदा बदलला. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यांत साधन निष्फळ ठरल्याची सवलत केवळ विवाहितेस होती. २०२१ च्या दुरुस्तीनें 'पति' या शब्दाच्या जागीं 'जोडीदार' हा शब्द आला, आणि २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अविवाहितेचाही हक्क स्पष्ट केला. परंतु २००७ मध्यें शाळांतील लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमास ज्या राज्यांनीं विरोध केला, त्यांत महाराष्ट्र होतें, हेंही विसरतां येत नाहीं.

पळस्प्याहून पनवेलच्या महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलीस गोळी दुकानांत मिळते. पण ती गोळी गर्भ टाळते, रोग टाळीत नाहीं, व निरोध दोन्हींपासून रक्षण करितो, हा भेद तिला शिक्षकानें सांगावयास हवा. तो न सांगितला तर ती मैत्रिणीच्या ऐकीव माहितीवर चालते, आणि चुकीचें फळ तिला एकटीलाच भोगावें लागतें. प्राचीन काळीं अधिकार नव्हता. आज तो कायद्यानें आहे. ज्ञानावांचून मात्र तो कागदावरच राहील. रघुनाथरावांनीं ज्यासाठीं दंड भरिला, तें उत्तर देणें हें आतां शिक्षकांचें कर्तव्य होय.