निवासमंडप आणि शरणपूर

'निर्गम' ह्या ग्रंथाचा मोठा भाग एका तंबूच्या वर्णनानें व्यापिलेला आहे. त्याच्या फळ्या किती, पडद्यांचे रंग कोणते, कड्या कशाच्या, हा तपशील वाचतां वाचतां पुष्कळ वाचक कंटाळून पानें उलटतात. परंतु हा तंबू उभारणारे लोक कोण होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या तपशिलास अर्थ येतो. ते मिसर देशांतून नुकतेच सुटलेले गुलाम होते. ग्रंथाच्या आरंभीं जे हात फारोसाठीं विटा पाडतात, तेच हात शेवटीं आपल्या देवासाठीं मंडप उभारतात, आणि तेंही सक्तीनें नव्हे. सोनें, रुपें, पितळ, सूत हें सर्व लोकांनीं इतकें आणून दिलें कीं, 'आतां पुरे' असें मोशेस सांगावें लागलें.

हा निवासमंडप 30 हात लांब व 10 हात रुंद होता. त्याच्या फळ्या बाभळीच्या जातीच्या लांकडाच्या असून त्या सोन्यानें मढविलेल्या होत्या. अंगणांत होमवेदी व हातपाय धुण्याचें पितळी गंगाळ. आंत 7 दिव्यांचा दीपवृक्ष, 12 भाकरींचें मेज व धूपवेदी. आणि त्यापलीकडे पडदा. पडद्याआड आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेला कोश असे. तेथें केवळ मुख्य याजकानें, तोही वर्षांतून एकाच दिवशीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, जावें असा नियम होता. कोंकणांतील बेने इस्राएल लोक तो दिवस उपवासानें पाळीत आले आहेत. मुक्काम हलला कीं, लेवी वंशांतील लोक कोशास दांडे लावून तो खांद्यांवर वाहत. त्र्यंबकेश्वराहून पंढरीस निघणारी निवृत्तिनाथांची पालखी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस देव भक्तांबरोबर वाट चालतो ही कल्पना निराळी समजावून सांगावयास नको.

ख्रिस्ती लोकांनीं ह्या मंडपांत आपल्या उपासनेची पूर्वछाया पाहिली. गंगाळांत बाप्तिस्मा, भाकरींत प्रभुभोजन, धुपांत प्रार्थना आणि होमवेदीवर ख्रिस्ताचें बलिदान. 'शब्द देही झाला व आम्हांमध्यें राहिला' अशा अर्थाचें जें वचन योहानकृत शुभवर्तमानांत आहे, त्यांतील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थच 'तंबू ठोकला' असा आहे. ख्रिस्ताच्या मरणसमयीं मंदिरांतील पडदा फाटला, असें शुभवर्तमानें सांगतात. आणि त्याच्या द्वारें आतां सर्वांस धैर्यानें देवाजवळ जातां येतें, असें इब्री लोकांस लिहिलेलें पत्र प्रतिपादन करितें. हा अर्थ पुस्तकांत वाचणें सोपें आहे. त्याची कसोटी व्यवहारांत लागते.

तशी एक कसोटी नाशकास लागली. 1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस ह्यांनीं नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. इंग्रजी आरमारानें गुलामांच्या व्यापाऱ्यांचीं गलबतें अडवून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेथें आणण्यांत येत. ज्यांची बाजारांत किंमत ठरविली गेली होती, तीं मुलें तेथें अक्षरें, सुतारकी व लोहारकी शिकलीं आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारीं उपासनेस बसलीं. नवीं नांवें मिळालीं. आईबापांनीं ठेविलेलीं नांवें मात्र पुष्कळांचीं मागें पडलीं, हें दुःखही ह्या इतिहासांत आहे.

त्यांपैकीं याकोब वेनराइट हा 1872 सालीं लिव्हिंग्स्टनच्या मदतीस आफ्रिकेंत गेला. 1873 सालीं चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हां सोबत्यांनीं त्याचें हृदय एका झाडाखालीं पुरलें. तेथें ना देऊळ होतें, ना वेदी, ना कोणी अभिषिक्त पाळक. याकोबानेंच उत्तरविधीची प्रार्थना वाचली व झाडाच्या खोडावर मृताचें नांव कोरलें. मग त्या लोकांनीं तें शव शेंकडों मैल वाहून समुद्रकिनाऱ्यास पोंचविलें. 18 एप्रिल 1874 रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें, तेव्हां याकोबही तेथें होता.

पुढें 1875 पासून मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसलें व शरणपूरचे अनेक आफ्रिकन तिकडे परतले. नाशकांत त्या भागाचें नांव आजही राहिलें आहे. मंडप एका जागीं राहण्यासाठीं केलेला नव्हताच. सुटलेल्या माणसांनीं तो उभारावा, खांद्यांवर घ्यावा आणि जेथें मुक्काम पडेल तेथें देवाचें नांव घ्यावें, हाच त्याचा मूळ हेतु होता. आणि चितांबोच्या झाडाखालीं नाशकांत शिकलेल्या एका सुटलेल्या गुलामानें तो पाळला.